कॉट ते बाथरूम: वॉर्डातल्या बारा पावलांचा इतिहास

या भागाचं लेखी रूप इथे देतोय. बोलताना जिथे घाईत पुढे गेलो होतो तिथे दोन-चार वाक्यं वाढवली आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

एरवी आपण इथे किल्ले, बंदरं, तह आणि लढाया यांच्याबद्दल बोलतो. आज ज्या अंतराचा इतिहास सांगणार आहे ते फार तर बारा पावलांचं आहे. दवाखान्यातल्या कॉटपासून वॉर्डाच्या टोकाला असलेल्या बाथरूमपर्यंतचं. या बारा पावलांत माणसं पडतात. बरी व्हायला आलेली माणसं पडतात आणि हाड मोडून घेतात. हे का होतं, त्यावर आजवर कोणी काय काय करून पाहिलं, त्यातलं काय फसलं आणि काय टिकलं, असा हा भाग आहे. पण आधी घरची गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळेच मी हे सगळं वाचायला लागलो.

चिंचणीची आत्या

माझी आत्या चिंचणीची. काही वर्षांपूर्वी, भर पावसाळ्यात, ताप हटेना म्हणून तिला आमच्या भागातल्या एका रुग्णालयात दाखल केलं. वय अठ्ठ्याहत्तर. दिवसा तिच्याजवळ सून थांबायची आणि रात्री मी. तेव्हा मी तारापूर एमआयडीसीत कामाला होतो, फर्स्ट शिफ्ट. म्हणजे सकाळी सातला गेटवर हजर. दिवसभर काम, संध्याकाळी डबा घेऊन दवाखाना, रात्री कॉटच्या खाली चटई टाकून झोप. बोईसरच्या निम्म्या घरांत आजारपण असंच निभावतात, तुम्हालाही ठाऊक असेल.

तिसऱ्या रात्री पहाटे साडेचारला धप्पकन आवाज आला. आत्या खाली पडली होती.

झालं असं की तिला लघवीला जायचं होतं. मला उठवायचं तिच्या जिवावर आलं. "दिवसभर राबून आलेलं पोर, त्याला कशाला उठवू," असं नंतर म्हणाली. काठी चाचपडली, तर हाताशी नव्हती. संध्याकाळी फरशी पुसताना मावशींनी ती उचलून दारामागे उभी केली होती. पायात येत होती, म्हणून ठेवली. मग आत्याने सलाईनचा स्टँड धरला. स्टँडला चाकं असतात. चाकं पुढे गेली आणि आत्या मागे राहिली.

खुब्याचं हाड मोडलं. तापासाठी आलेली बाई ॲम्ब्युलन्समधून हायवेने मुंबईला निघाली ऑपरेशनसाठी. सगळ्यांनी एकच वाक्य म्हटलं: "पाय घसरला." शेजारच्या कॉटवरच्या काकांनी म्हटलं, नातेवाइकांनी म्हटलं, मीही म्हटलं. रात्रपाळीची सिस्टर धावत आली होती. सगळं आवरल्यावर ती मला म्हणाली, "दादा, मी एकटीच होते हो. पलीकडे एका पेशंटला धाप लागली होती." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला तिच्यावर रागावता येईना.

बरेच महिने डोक्यात एकच चाललं होतं, की चूक कुणाची? माझी, गाढ झोपलो म्हणून? मावशींची? सिस्टरची? आत्याची? या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी दीडशे वर्षं मागे गेलो.

खाट उंच का झाली

सुरुवात खाटेपासून करू. आमच्या पालघर जिल्ह्यात, म्हणजे 1 ऑगस्ट 2014 पर्यंतच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, आजही कितीतरी घरांत जुनी माणसं जमिनीवर झोपतात. गोधडी अंथरली की झालं. जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवर तर जमिनीवरच. रात्री उठायचं तर आधी कुशीवर व्हायचं, हात टेकायचा, गुडघा टेकायचा आणि मग उभं राहायचं. पन्नास-साठ वर्षं शरीराला हीच सवय. अशा माणसाला आपण दवाखान्यात आणतो आणि कमरेइतक्या उंच लोखंडी कॉटवर चढवतो. झोपेत त्याचा हात जमीन शोधतो आणि जमीन तिथे नसते.

कॉट उंच कशासाठी? डॉक्टरला तपासताना आणि सिस्टरला इंजेक्शन देताना, ड्रेसिंग करताना वाकावं लागू नये म्हणून. कारण चुकीचं नाही. दिवसभर वाकून काम करणाऱ्या नर्सच्या पाठीचे हाल काय होतात ते तिलाच विचारा. पण ती उंची काम करणाऱ्याच्या सोयीची आहे, झोपणाऱ्याच्या नाही.

गंमत म्हणजे ही गोष्ट फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या लक्षात आली होती. आपल्याला ती दिवा हातात घेतलेली बाई म्हणून माहीत आहे. पण तिचं खरं बळ बारीक निरीक्षणात आणि आकडेवारीत होतं. शुश्रूषेवरचं तिचं प्रसिद्ध पुस्तक 1859-60 च्या सुमारास आलं. त्यात तिने रुग्णाच्या पलंगाच्या उंचीबद्दल लिहिलंय. तिचं म्हणणं साधारण असं, की रुग्णाचा पलंग बैठकीच्या कोचापेक्षा उंच नसावा. पलंग उंच असला की चढण्या-उतरण्यातच रुग्णाची शक्ती संपते, आणि जो थोडा हिंडू-फिरू शकला असता तोही पडून राहतो. आज मोठ्या रुग्णालयांत खाली-वर होणारे पलंग विकत घेतात, तेव्हा त्याच जुन्या सूचनेवर पैसे खर्च होत असतात.

तिच्या काळातला वॉर्ड म्हणजे एक लांब दालन. दोन्ही भिंतींना खाटांच्या रांगा, मोठ्या खिडक्या, आणि नर्सला एका जागेवरून सगळे रुग्ण दिसावेत अशी मांडणी. आपल्याकडच्या जुन्या सरकारी दवाखान्यांचे जनरल वॉर्ड बघा, तोच सांगाडा दिसेल. त्या रचनेचा पाया एकच होता: नजर. नर्सला रुग्ण दिसला पाहिजे. आता प्रश्न असा, की वॉर्डात नजर ठेवायला नर्स होती का?

नर्स आली कुठून

मुंबईचं जे. जे. रुग्णालय 1845 साली सुरू झालं. पण प्रशिक्षित नर्स, त्यातही आपल्याकडची बाई, वॉर्डात यायला आणखी चार-साडेचार दशकं गेली. बायकांसाठीचं कामा रुग्णालय 1886 साली उघडलं. तिथल्या पहिल्या प्रमुख डॉक्टर एडिथ पीची यांनी नर्सिंगचं शिक्षण सुरू करण्यात पुढाकार घेतला. आणि 1891 साली काशीबाई गणपत नावाची बाई नर्सिंग शिकायला दाखल झाली. नर्सिंगचं शिक्षण घेणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं. तिच्याबद्दल फार काही लिहिलेलं सापडत नाही. डॉक्टर झालेल्या आनंदीबाई आणि रखमाबाई आपल्याला पाठ असतात. काशीबाईंच्या नावाचा साधा रस्तासुद्धा माझ्या पाहण्यात नाही.

पुण्यात 1909 साली रमाबाई रानडे यांनी सेवासदन उभं केलं. तिथल्या बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवायचं ठरलं तेव्हा किती नाकं मुरडली गेली असतील, विचार करा. परक्या माणसाचं अंग पुसायचं, त्याचा बेडपॅन उचलायचा, कुठल्याही जातीच्या माणसाला हात लावायचा. विधवा बाईने चार भिंतींत राहावं असा तो काळ. रमाबाईंनी घरोघरी समजूत घालत ते रेटलं. पण एवढं होऊनही या कामाला लागलेला हलकेपणाचा डाग लवकर गेला नाही. घरात लेकीने डॉक्टर व्हायचं म्हटलं की पेढे वाटतात आणि नर्स व्हायचं म्हटलं की "बघू" म्हणतात. आजही.

याचा हिशेब देशाच्या पातळीवर मांडला तो भोर समितीने. 1946 च्या त्या अहवालात म्हटलंय, की साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात नर्सेस होत्या सुमारे 7,000. म्हणजे 43,000 लोकांमागे एक. त्याच काळात इंग्लंडमध्ये हे प्रमाण 300 लोकांमागे एक होतं.

43,000 लोकांमागे एक नर्स असेल तर वॉर्डात रात्री रुग्णाला धरून बाथरूमला नेणार कोण? उत्तर आपल्याला सवयीचं आहे: नातेवाईक. आपल्याकडे कागदावर कुठेही न लिहिता रुग्णालयाची अर्धी शुश्रूषा घरच्या माणसावर सोपवली गेली. जेवण भरवणं, अंग पुसणं, कूस बदलणं, लघवीला नेणं. हे काम कसं करायचं ते मात्र त्याला कुणी शिकवलं नाही. मला कॉटखाली झोपायची परवानगी मिळाली होती. आत्याला कसं उठवायचं हे मला कुणी दाखवलं नव्हतं.

आज परिस्थिती 1946 ची नाही हे खरं. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष सांगतो, की साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक नर्स हवी आणि शिकवणाऱ्या रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक. तुमच्या जवळच्या दवाखान्यात रात्री जा आणि मोजा. मी काही बोलत नाही.

झोपवून ठेवा, म्हणजे पडणार नाही

आता एक सोपा उपाय कुणालाही सुचेल. माणूस उठतो म्हणून पडतो, मग उठूच देऊ नका.

वैद्यकाने खरोखर हेच केलं, आणि बराच काळ केलं. बाळंतपण झालं, झोपून राहा. हर्नियाचं ऑपरेशन झालं, तीन आठवडे झोपून राहा. हृदयविकाराचा झटका आला, मग तर सहा आठवडे हलू नका. दुसऱ्या महायुद्धात खाटा आणि नर्सेस दोन्ही कमी पडायला लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी नाइलाजाने रुग्णांना लवकर उठवायला सुरुवात केली. आणि रुग्ण बिघडण्याऐवजी लवकर सुधारताना दिसले. 1947 साली रिचर्ड ॲशर नावाच्या लंडनच्या डॉक्टरने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक खुसखुशीत लेख लिहिला, अंथरुणाला खिळण्याचे धोके सांगणारा. त्याने एकेक अवयव घेऊन दाखवलं: फुप्फुसात कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, हाडं ठिसूळ होतात, स्नायू वाळतात, कातडीला जखमा होतात आणि मन खचतं.

म्हणजे गंमत बघा. पडेल म्हणून झोपवायचं. झोपून पाय लुळे होतात. लुळ्या पायांचा माणूस शेवटी कधीतरी लघवीला उठतोच, आणि मग हमखास पडतो.

याच विचाराचं दुसरं टोक म्हणजे बांधून ठेवणं. हाताला पट्टी, कमरेला पट्टी, कॉटला दोन्हीकडून कठडे. अमेरिकेत म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये हे इतकं बोकाळलं, की 1987 साली कायदा करून सांगावं लागलं, की वैद्यकीय कारणाशिवाय माणसाला बांधायचं नाही. कठड्यांचीही कथा तीच. गोंधळलेला, उतावीळ झालेला रुग्ण कठड्यावरून चढून जातो, आणि मग तो जास्त उंचीवरून पडतो.

तेव्हा उठवायचं हे नक्की झालं. उठून चालायचं तर कशाच्या आधाराने, हा पुढचा प्रश्न.

काठीचं शास्त्र

काठी माणसाइतकीच जुनी आहे. आपल्याकडे काठीला मान आहे. वारकऱ्याच्या खांद्यावर पताकेची काठी, धनगराच्या हातात काठी, देवाच्या जत्रेत सासनकाठी. पण तीच काठी आधारासाठी हातात आली की माणसाला लाज वाटते. "अजून एवढा काही म्हातारा झालो नाही" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं.

मुंबईत या लाजेवर काम सुरू झालं ते पोलिओमुळे. फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. उपचारांसाठी त्या देशभर फिरल्या, आणि जे शिकल्या त्यातून 1947 साली मुंबईत अपंग मुलांसाठी दवाखाना सुरू केला. पुढे 1953 साली केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. 1955 साली हाजी अलीजवळ पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. कुबडी, कॅलिपर, काठी ही नशिबाची खूण न राहता मोजून-मापून बनवायची आणि वापरायला शिकवायची वस्तू आहे, हे आपल्याकडे या काळात रुजलं.

आज आपण ज्याला वॉकर म्हणतो, त्या चार पायांच्या चौकटीचा एक सुरुवातीचा पेटंट अर्ज 1949 साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या स्ट्रेटफर्ड गावच्या विल्यम रॉब याने केला. आणि चाकांचा, ब्रेक असलेला, दमल्यावर बसताही येईल असा रोलेटर 1978 साली स्वीडनच्या आइना विफाल्क हिने घडवला. तिला एकविसाव्या वर्षी पोलिओ झाला होता. स्वतःच्या गरजेतून तिने ते केलं. आपल्या देशात 1972 साली कानपूरला अलिम्को ही सरकारी कंपनी स्थापन झाली, कृत्रिम अवयव आणि अशी साधनं बनवायला. 2017 पासून राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना काठ्या, वॉकर, कुबड्या मिळू लागल्या. महाराष्ट्राने 2024 साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. 65 वर्षांवरच्या पात्र माणसाच्या खात्यात अशा साधनांसाठी 3,000 रुपये.

म्हणजे साधनं आहेत. पण साधन हातात देणं आणि ते वापरायला शिकवणं यात फरक आहे.

आत्याची काठी आतोबांची होती. आतोबा उंचेपुरे, आत्या जेमतेम पाच फूट. ती काठी धरली की तिचा खांदा वर उचलला जायचा. टोकाचं रबर झिजून लाकूड फरशीला लागत होतं. काठी तिने धरायची दुखऱ्या पायाच्याच बाजूला. म्हणजे काठी जवळ असती तरी तिने आत्याला सांभाळलं असतंच असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

मुंबईला फिजिओथेरपिस्ट ताईंनी पहिल्या दिवशी ज्या गोष्टी शिकवल्या त्या इथे लिहून ठेवतो, कारण प्रत्येक घरात लागतात. रोजच्या चपला घालून सरळ उभं राहायचं, हात बाजूला सोडायचा. काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी आली पाहिजे, म्हणजे धरल्यावर कोपर थोडं वाकतं. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. वॉकर असेल तर आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला. आणि कॉटवरून उठताना वॉकर ओढून उठायचं नाही, तो उलटतो. हात कॉटवर दाबून उठायचं आणि उभं राहिल्यावर वॉकर धरायचा.

आणखी एक. उठल्या उठल्या चालू पडायचं नाही. खूप वेळ झोपलेल्या माणसाचं रक्तदाब उभं राहताच खाली येऊ शकतं, त्यात ताप, जुलाब किंवा बीपीच्या गोळ्या असतील तर जास्तच. कॉटच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसायचं, पायाचे पंजे वर-खाली करायचे, चक्कर नाही ना बघायचं, मगच उभं राहायचं. आत्याला हे कुणी आधी सांगितलं असतं तर, असं म्हणायचा मोह होतो. असो.

पडणं मोजायला लागले तेव्हा

"पाय घसरला" या शब्दांकडे परत येऊ. जोवर पडणं हा नशिबाचा खेळ होता तोवर ते कुणी मोजत नव्हतं. मोजायला लागले तेव्हा कळलं, की त्यात एक रीत आहे.

1980 च्या दशकात कॅनडात जॅनिस मॉर्स या परिचारिका-संशोधक बाईंनी पडलेल्या आणि न पडलेल्या रुग्णांची तुलना केली आणि सहा प्रश्नांची एक यादी काढली. पूर्वी कधी पडला आहे का? 25 गुण. एकापेक्षा जास्त आजार आहेत का? 15. सलाईन चालू आहे का? 20. चाल कशी आहे, थकलेली असेल तर 10, अडखळती असेल तर 20. स्वतःला काय झेपतं याचं भान आहे का? नसेल तर 15. आणि चालताना आधार कशाचा घेतो? काठी, वॉकर किंवा कुबडी असेल तर 15. फर्निचर धरून चालत असेल तर 30. सगळ्या यादीत सगळ्यात मोठा आकडा हा आहे.

हे वाचलं तेव्हा मी थांबलो. सहाही उत्तरांतला सगळ्यात मोठा धोका म्हणजे कॉटचा कठडा, टेबल, भिंत धरत धरत जाणारा माणूस. सलाईनचा स्टँड धरून जाणारी आत्या मला त्या एका ओळीत दिसली. त्यात सलाईन चालू, दोन आजार, मागच्या वर्षी अंगणात पडलेली. दाखल केलं त्या दिवशी कुणी दोन मिनिटं बसून हे सहा प्रश्न विचारले असते तर ती पडण्याच्या वाटेवर आहे हे कागदावर दिसलं असतं.

आता आपल्याकडेही रुग्णालयांना मानांकन देणारी एनएबीएच ही यंत्रणा दर हजार रुग्णदिवसांमागे किती जण पडले ते मोजायला लावते. मोजणं चांगलंच. पण त्यात एक मेख आहे. पडण्याची नोंद झाली की कुणाला तरी झापायचं असा रिवाज असेल तर नोंद होतच नाही. रजिस्टर कोरं आणि जमीन ओलीच. ज्या ठिकाणी सिस्टर न घाबरता लिहू शकते, "आज माझ्या पाळीत पेशंट पडला, काठी लांब होती, बाथरूमचा दिवा गेला होता," त्याच ठिकाणी दुसऱ्या दिवशी दिवा बदलला जातो.

नुसत्या याद्यांनीही भागत नाही. ऑस्ट्रेलियात 24 वॉर्डांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2016 साली आले. धोक्याची पाटी, बाथरूमला जाताना सोबत, काठी किंवा वॉकर हाताच्या अंतरावर, ठरावीक वेळी लघवीला नेणं, खाली येणारा पलंग, अलार्म. सगळं चांगलंच वाटतं ना? तरी पडणाऱ्यांची संख्या कमी झाली नाही. उलट बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या तीन रुग्णालयांत पॅट्रिशिया डाइक्स या नर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा कागद वापरला. सिस्टर, रुग्ण आणि नातेवाईक तिघांनी मिळून भरायचा आणि कॉटजवळ लावायचा. या माणसाला कशाचा धोका आहे आणि त्यासाठी आपण नेमकं काय करणार, चित्रांसकट. 2020 साली त्यांचे आकडे आले: पडणं 15 टक्क्यांनी कमी, पडून इजा होणं 34 टक्क्यांनी कमी.

दोन्हींत फरक काय? माझ्या समजुतीप्रमाणे असा: पहिल्या प्रयोगात बहुतेक कामं रुग्णासाठी करायची होती. दुसऱ्यात रुग्णाला आणि घरच्यांना सोबत घेऊन ठरवायचं होतं. आत्या मला उठवायला लाजली, ती अलार्मने थांबली नसती. "रात्री कितीही वाजता मला हाक मार, माझी झोप मोडली तरी चालेल," हे मी तिला झोपण्याआधी सांगितलं असतं तर कदाचित थांबली असती.

आपल्या वॉर्डात

आता परत आपल्या भागात येऊ. 1969 साली तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं, पुढे एमआयडीसी वाढली आणि बोईसर हे देशभरातून कामाला आलेल्या माणसांचं गाव झालं. वॉर्डात आज एका कॉटवर मराठी, दुसऱ्यावर भोजपुरी, तिसऱ्यावर ओडिया आणि चौथ्यावर वारली बोलणारं माणूस असतं. सिस्टरने "एकटे उठू नका" म्हटलेलं प्रत्येकाला कळेलच असं नाही. तिथे चित्राचा कागद कामाला येईल. इथला नातेवाईक शिफ्टवरून दमून आलेला असतो, आणि कित्येकांचा नातेवाईक हजार किलोमीटरवर गावी असतो. त्यांच्याजवळ रात्री कुणीच नसतं. आणि पावसाळ्यात वॉर्डाच्या दारापासून आतपर्यंत ओल्या चपलांचं पाणी.

यातलं बरंचसं फुकटात बदलता येतं. फरशी पुसून झाली की काठी परत कॉटला लावायची. झोपायच्या आधी, रात्री दहाच्या सुमारास, प्रत्येकाला एकदा लघवीला नेऊन आणायचं, कारण बरीच माणसं पडतात ती याच कामाला उठून. ज्याला उठवत नाही त्याच्या हाताशी युरिनल ठेवायचं. बाथरूमचा दिवा चालू. साडीचा किंवा लुंगीचा घोळ वर खोचलेला. पायात सैल स्लीपर नकोत. बाकीच्यासाठी मात्र माणसं लागतात, आणि माणसं सरकारने आणि मालकांनी नेमायची असतात. रात्री एका सिस्टरकडे तीस-चाळीस रुग्ण असतील तर जगातली कुठलीही यादी पुरी पडणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दर वर्षी 6,84,000 माणसं पडून मरतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांनंतर याचाच क्रमांक लागतो. नर्सच्या रिकाम्या जागेचा हिशेब करताना हा आकडाही शेजारी मांडायला हवा.

मग चूक कुणाची? इतकं वाचून मी एवढंच म्हणेन, की त्या रात्री आत्यापासून काठी सहा पावलांवर होती, सिस्टर तीस कॉटवर होती आणि मी कॉटच्या खाली असूनही तिच्या हाकेच्या पलीकडे होतो. त्यातलं एक अंतर जरी कमी असतं तरी पुरलं असतं.

आत्या नंतर चार वर्षं जगली. पहिले सहा महिने वॉकरवर, मग तिच्या मापाने कापून घेतलेल्या काठीवर. चिंचणीच्या घरी तिच्या पलंगाला आम्ही सुतळीचा एक फास बांधला होता, काठी अडकवायला. पलंगाचे पायही सुताराकडून कापून घेतले होते. रात्री उठायचं झालं की ती मोठ्याने हाक मारायची, अख्खी आळी जागी व्हायची. कुणी तक्रार केली नाही.

तुमच्या घरात कुणाची काठी असेल तर हा भाग वाचून झाल्यावर उठा आणि तिच्या टोकाचं रबर तपासा. झिजलं असेल तर उद्याच बदला. आणि दवाखान्यात रात्रपाळी करणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्या वॉर्डातल्या गोष्टी मला कळवा, नाव न घेता सांगू. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.